जुनाट शीण आणि दवाखान्यांवरील देखरेख

परभणी शहरांतील एखाद्या खाजगी इस्पितळाच्या दारांत उभें राहिलें, तर आंत पाऊल टाकतांच भिंतीवरचे कांहीं फलक दिसावेत अशी कायद्याची अपेक्षा आहे. एका चौकटींत नोंदणीचें प्रमाणपत्र; शेजारीं दरपत्रक, त्यांत खोलीचें भाडें, डॉक्टरांच्या भेटीचें शुल्क, ऑक्सिजन, सलाइन, रक्त चढविणें यांचे आंकडे; आणि जवळच रुग्णांच्या हक्कांची सनद. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं केलेल्या नियमांनीं हे फलक सक्तीचे झाले. घरीं जाण्याच्या दिवशीं बिल हातांत पडेपर्यंत आंकडा कळत नसे, असा काळ ज्या कुटुंबांना आठवतो त्यांना या फलकांचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

या फलकांसमोरच्या बांकावर जिंतूर तालुक्यांतील एक शिक्षिका बसली आहे, अशी कल्पना करावी. दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत तिला ताप आला. घरांतील आणखी दोघांनाहि आला होता. ते आठवड्यांत उठले. हिचाहि ताप उतरला, पण अंगांतलें बळ परत आलें नाहीं. सकाळीं जाग येते ती रात्रभर कोणीं दळण दळून घेतल्यासारखी. एखाद्या दिवशीं शाळा, धुणें, पाणी असें सगळें ओढून नेलें, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं अंथरुणावरून उठवत नाहीं. फळ्याशीं उभें राहून पाढा सांगतांना मधलाच आंकडा हरवतो. रक्त तपासलें, लघवी तपासली, छातीचा फोटो काढला; सर्व ठीक. "बाई, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊं नका," असें म्हणून डॉक्टर सलाइनची बाटली लावावयास सांगतात. त्या संध्याकाळीं जरा बरें वाटतें. तिसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. सासूबाईंच्या मतें सून कामाला कंटाळली आहे, आणि मुख्याध्यापकांच्या मतें बाईंना रजा हवी आहे.

येथें कायद्याचा भंग कोणींच केलेला नाहीं. प्रमाणपत्र चौकटींत आहे, दर लावलेले आहेत, बाटलीचे पैसे दराप्रमाणेंच घेतले आहेत. तरी एक स्त्री दोन वर्षें पैसा खर्च करीत आहे आणि खंगत आहे. दवाखान्यांवर सरकारची जी देखरेख असते ती अशा रोग्याच्या कितपत कामीं येते, आणि जेथें येत नाहीं तेथें ती कां येत नाहीं, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम आजाराविषयीं. तो नवा नव्हे. १९३४ सालीं अमेरिकेंत लॉस एंजेलिसच्या जिल्हा इस्पितळांत डॉक्टर व परिचारिका अशा दीर्घ दुखण्यानें आजारी पडल्या होत्या. १९५५ च्या जुलैंत लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळांत तोच प्रकार झाला. सुमारें तीनशें नोकरमंडळी पडली आणि इस्पितळ ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावें लागलें. त्यानंतर वर्षभरांत 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रानें या दुखण्यास मायॅल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, म्हणजे स्नायूंच्या वेदनेसह मेंदू व मज्जारज्जूचा दाह, असें लांबलचक नांव दिलें. पुढें १९७० मध्यें दोन मानसोपचारतज्ज्ञांनीं एकाहि रोग्यास न तपासतां, केवळ जुने कागद वाचून, ही सामूहिक उन्मादाची लाट होती असा निकाल दिला. आजाऱ्यांत स्त्रियांची संख्या फार होती हें त्यांचें एक मोठें कारण! जागतिक आरोग्य संघटनेनें १९६९ सालींच हा विकार मज्जासंस्थेच्या रोगांत घातला होता, परंतु उन्मादाचा तो शिक्का पुसावयास पुढें कित्येक दशकें लागलीं.

१९८८ मध्यें अमेरिकन वैद्यांनीं त्यास क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे जुनाट थकव्याचा विकार, असें दुसरें नांव दिलें. या नांवानें रोग्यांचें नुकसानच अधिक केलें म्हणावयाचें. थकवा कोणाला येत नाहीं? ज्यास त्यास वाटतें, आपणहि थकतों, आपण नाहीं का उठून कामाला लागत! खरें लक्षण थकवा हें नसून श्रमानंतरची पडझड हें आहे. मराठवाड्यांतील विहिरीचें उदाहरण घ्यावें. चांगल्या झऱ्याची विहीर संध्याकाळपर्यंत उपसली तरी सकाळीं भरलेली असते. या रोग्याचा झरा मंद झालेला असतो. एक दिवसाचा उपसा भरून यावयास चार दिवस लागतात, आणि तशांत पंप चालूच ठेवला तर गाळ वर येतो. अमेरिकेंतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेनें २०१५ सालीं हजारों निबंध चाळून जो अहवाल दिला त्यांत हेंच मुख्य लक्षण मानलें: सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणारी व विश्रांतीनें न जाणारी क्षीणता, श्रमानंतर होणारी पडझड, झोपेनें न येणारी टवटवी, आणि यांच्या जोडीला एक तर विचारशक्तीचा गोंधळ किंवा उभें राहिल्यावर होणारा त्रास. रक्ताच्या एखाद्या चांचणीनें हा विकार सिद्ध करतां येत नाहीं. नेहमींच्या चांचण्या बहुधा निर्दोष येतात. विषाणुजन्य तापानंतर तो सुरू झालेला पुष्कळदां आढळतो, आणि २०२० नंतर कोविडमधून उठलेल्या असंख्य लोकांनीं हीच कहाणी सांगितल्यामुळें जगाचें लक्ष तिकडे वळलें. २००६ मध्यें चिकुनगुन्याची साथ महाराष्ट्रांतून गेली तेव्हां ताप गेल्यावरहि महिनोन् महिने सांधे धरून बसलेली माणसें पुष्कळांनीं पाहिलीं आहेत. तापामागें राहणारें दुखणें ही या भागास अगदींच अपरिचित गोष्ट नव्हे.

मात्र येथें एक सावधगिरी हवी. परभणीसारख्या जिल्ह्यांत शिणलेल्या प्रत्येक माणसास हाच विकार आहे असें म्हणणें धोक्याचें होईल. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील पंधरा ते एकुणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया पंडुरोगी, म्हणजे रक्त कमी असलेल्या, आहेत. क्षय, मधुमेह, थायरॉइडची मंदता, मूत्रपिंडाचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, खिन्नतेचा रोग, या सर्वांचें पहिलें गाऱ्हाणें थकवा हेंच असतें, आणि यांतील बहुतेकांवर चांगला इलाज आहे. म्हणून हे रोग आधीं शोधून वगळले पाहिजेत. वगळणें म्हणजे रोग्याला "कांहीं नाहीं" असें सांगून वाटेला लावणें नव्हे; त्यानंतरच खऱ्या तपासणीस आरंभ होतो. तेथेंच बहुतेकांची फसगत होते.

आतां कायदा. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा मुंबई प्रांतानें १९४९ सालीं केला तेव्हां परभणी जिल्हा त्या प्रांतांत नव्हताच; तो निजामी अमलांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या हैदराबाद राज्यांत होता. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि पुढें हा कायदा इकडे आला. त्याखालीं खाजगी शुश्रूषागृहास स्थानिक अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते, व ती तीन वर्षांनीं पुन्हां करून घ्यावी लागते. परभणीस २०११ पासून महानगरपालिका असल्यामुळें शहराच्या हद्दींत हें काम तिच्या आरोग्याधिकाऱ्याचें, आणि बाहेरील गांवीं जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचें. तपासणीस येणारा अधिकारी खाटा मोजतो, दोन खाटांमधील अंतर पाहतो, परिचारिका किती व कोणत्या शिक्षणाच्या, शस्त्रक्रियागृह कसें, घाण कोठें टाकतात, आगीची तरतूद काय, हें विचारतो. या गोष्टी क्षुल्लक नव्हेत. बाळंतिणीचा जीव त्यांवर अवलंबून असतो.

परंतु या कायद्यानें शुश्रूषागृह म्हणजे काय तें ठरविलें आहे तें असें, कीं आजारी, जखमी वा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन त्यांची शुश्रूषा व उपचार करण्याची जागा. ठेवून घेणें हें त्यांतील मर्म. कायद्याचा सारा डोलारा खाटेवर उभा आहे. ज्या डॉक्टरांकडे खाट नाहीं, एक टेबल, दोन खुर्च्या व तपासणीचें बाकडें एवढेंच आहे, त्यांचा दवाखाना या नोंदणीबाहेर राहतो. आणि जुनाट शिणाचा रोगी बहुतेक वेळां जातो तो अशाच दवाखान्यांत. इस्पितळांत गेला तरी बाह्यरुग्ण म्हणून. त्याची खाट घरीं असते. केंद्र सरकारनें २०१० सालीं वैद्यकीय आस्थापनांचा जो कायदा केला त्यांत खाट नसलेले दवाखानेहि येतात, परंतु तो ज्या राज्यांनीं स्वीकारला तेथेंच चालतो, आणि महाराष्ट्रानें तो स्वीकारलेला नाहीं.

डॉक्टरांच्या वर्तनाचे नियम पाहावेत तर तेथेंहि खाट आडवी येते. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ सालचे नियम अजून चालू आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें २०२३ च्या ऑगस्टांत नवे नियम काढले खरे, पण तीन आठवड्यांच्या आंत ते स्थगित करून जुनेच पुन्हां लागू केले. या जुन्या नियमांप्रमाणें डॉक्टरनें आपला नोंदणीक्रमांक दवाखान्यांत लावला पाहिजे, औषधाच्या चिठ्ठीवर घातला पाहिजे, आणि रोग्याचे कागद तीन वर्षें जपून ठेवून मागणी झाल्यास बहात्तर तासांत दिले पाहिजेत. पण हे कागद कोणाचे? नियमांतील शब्द आंतररुग्णांचे असा आहे. ज्याचें दुखणें पांच-सहा वर्षें पंधरा दवाखान्यांच्या ओट्यांवर विखुरलेलें असतें, त्याचा इतिहास कोठेंच एकत्र नसतो. पिशवींत जेवढ्या चुरगळलेल्या चिठ्ठ्या उरल्या असतील तेवढाच त्याचा पुरावा.

देखरेख खाटा सोडून कृतीकडे वळूं शकते काय? शकते; आणि याचें उदाहरण परभणीच्या पश्चिमेच्या शिवेवरच आहे. बीड जिल्ह्यांत ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रियांचीं गर्भाशयें फार मोठ्या संख्येनें काढलीं जात असल्याची ओरड २०१९ मध्यें झाली. तीन वर्षांत नव्याण्णव खाजगी इस्पितळांतून ४,६०५ अशा शस्त्रक्रिया झाल्याचा आंकडा त्या वर्षीं विधिमंडळांत सरकारनें स्वतः सांगितला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति बसली. कंबर दुखते, अंगावर पांढरें जातें, काम होत नाहीं, अशा गाऱ्हाण्यांवर तरुण स्त्रियांना मोठी शस्त्रक्रिया सुचविली गेली होती. आणि तोडणीच्या हंगामांत दुखण्यापायीं खाडा झाला तर मुकादमाला दंड द्यावा लागतो म्हणून त्या स्त्रियांनींहि ती पत्करली होती. परभणीच्या गंगाखेड-सोनपेठ भागांतूनहि तोडणीला टोळ्या जातात. तेव्हां ही दूरची हकीकत नव्हे. हीं इस्पितळें नोंदलेलीं होतीं, खाटा मोजलेल्या होत्या. उणीव होती ती ही, कीं खाटेवर काय घडतें आणि कोणत्या कारणासाठीं घडतें हें कोणी विचारीत नव्हतें. त्यानंतर बीडमध्यें अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वीं जिल्हा शल्यचिकित्सकाची संमति घेण्याचें बंधन आलें. बिहार, छत्तीसगड व राजस्थान येथील अशाच तक्रारींवर सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२३ मध्यें निकाल देऊन, गर्भाशय काढण्याविषयींचीं केंद्राचीं मार्गदर्शक तत्त्वें सर्व राज्यांनीं अंमलांत आणावीत असा आदेश दिला. म्हणजे पाहणाऱ्यांनीं मनांत आणलें तर प्रश्न "खाटा किती?" येथून "हें कां केलें?" येथवर नेतां येतो.

मात्र गर्भाशय काढलें ही दिसणारी गोष्ट आहे. ती मोजतां येते. शिणाच्या रोग्यास होणारी इजा बहुधा एका वाक्यांत असते. "रोज थोडें जास्त चाला, अंग आपोआप मोकळें होईल," हें तें वाक्य. सांगणाऱ्याचा हेतु चांगला असतो आणि दहांतील नऊ माणसांना तो सल्ला मानवतोहि. या रोग्याला मात्र तो मारक ठरूं शकतो. इंग्लंडांत हा सल्ला नुसता तोंडीं नव्हता, राष्ट्रीय मार्गदर्शिकेंत छापलेला होता. तेथें इस्पितळांची नोंदणी व तपासणी २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन हें मंडळ करतें, आणि कोणत्या रोगास काय उपचार योग्य हें नाइस नांवाची संस्था ठरविते. नाइसच्या २००७ च्या मार्गदर्शिकेनें सौम्य व मध्यम रोग्यांना क्रमाक्रमानें वाढवीत नेण्याचा व्यायाम सुचविला होता. २०११ मध्यें लॅन्सेटनें छापलेल्या एका मोठ्या प्रयोगानें त्यास दुजोरा दिल्यासारखें झालें. रोगी म्हणत होते, यानें आम्ही आणखी खालावतों. त्यांतल्या एका रोग्यानें त्या प्रयोगाचे मूळ आंकडे मागितले, विद्यापीठानें नाकारले, आणि २०१६ मध्यें न्यायाधिकरणानें ते द्यावयास लावले. अनेकांनीं ते पुन्हां मांडून पाहिल्यावर पहिला निष्कर्ष फार पातळ निघाला. २९ ऑक्टोबर २०२१ रोजीं नाइसनें नवी मार्गदर्शिका काढली व ठराविक प्रमाणांत व्यायाम वाढवीत नेण्याचा कोणताहि कार्यक्रम या रोग्यांना देऊं नये असें स्पष्ट लिहिलें. त्याऐवजीं आपल्या शक्तीची मर्यादा ओळखून तिच्या आंत दिवस आखण्यास रोग्याला मदत करावी, असें तिचें सांगणें आहे.

एवढ्यानें तेथील रोगी सुखी झाले असें मात्र नाहीं. या विकारानें अंथरुणास खिळलेल्या एका तरुणीच्या मृत्यूची चौकशी २०२४ मध्यें झाली, तेव्हां चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें सरकारला लेखी कळविलें कीं अतितीव्र रोग्यांसाठीं देशांत कोठेंहि खास खाटा नाहींत आणि डॉक्टरांना पुरेसें शिक्षणहि नाहीं. परभणीकडे देखरेख खाटेपाशीं थांबते. तिकडे देखरेख होती, पुस्तक होतें, आणि खाट नव्हती. तरी एक फरक मोठा आहे. छापील मार्गदर्शिका असली म्हणजे चूक कोणती तें दाखवितां येतें, आणि दाखविलेली चूक कधीं तरी सुधारली जाते. तोंडीं सल्ला दुरुस्त कसा करावा?

हाच मुद्दा न्यायालयांत विशेष जाणवतो. रोग्याकडे कसें लक्ष द्यावें याविषयीं डॉक्टरचीं कर्तव्यें सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालींच पुण्याच्या एका खटल्यांत स्पष्ट केलीं आहेत: रोगी हातीं घ्यावा कीं नाहीं, कोणता उपचार द्यावा, आणि तो कसा द्यावा, या तिन्ही बाबतींत वाजवी काळजी. १९९५ मध्यें त्याच न्यायालयानें पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखालीं आणली. परंतु २००५ मध्यें जेकब मॅथ्यू या खटल्यांत जी कसोटी दृढ झाली तिचा आशय असा, कीं त्या व्यवसायांतील सामान्य जाणकार माणूस जसें वागला असता तसें डॉक्टर वागला असेल तर तो निष्काळजी ठरत नाहीं. कसोटी न्याय्य आहे. तिच्यावांचून डॉक्टरांना कामच करतां येणार नाहीं. पण ज्या आजाराचें ज्ञानच व्यवसायांत विरळ, तेथें ती रोग्याच्या विरुद्ध जाते. सलाइन सर्वच लावतात, "टेन्शन" सर्वच म्हणतात, मग एकट्यानेंच चूक केली असें कोण म्हणेल? म्हणून जिंतूरच्या त्या बाईंना न्यायालयाकडून फारशी आशा नाहीं, अगदींच उघड गफलत झाली असल्याशिवाय.

उघड गफलती होत नाहींत असें नव्हे. शक्तीचें इंजेक्शन म्हणून जें दिलें जातें त्यांत कधीं कधीं स्टिरॉइड असतें. त्यानें दोन दिवस अंगांत वारें भरल्यासारखें वाटतें, आणि तें वरचेवर घेतल्यास साखर चढते, हाडें ठिसूळ होतात, शरीराची स्वतःची ग्रंथि आळसावते. इंजेक्शनाचें नांव चिठ्ठीवर लिहून मागणें हा रोग्याचा हक्क आहे. नांव लिहिण्यास कां-कूं करणाऱ्या जागीं दुसऱ्यांदां जाऊं नये.

बाजारांतल्या शक्तिवर्धकांची गोष्ट थोडक्यांत सांगतां येईल. औषधाविषयीं खोटी अगर दिशाभूल करणारी जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्यानें बंदी आहे. पण तेंच चूर्ण खाद्य म्हणून डब्यांत भरलें, कीं तें २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कक्षेंत जातें आणि तेथील नियम निराळे. दोन कायद्यांच्या मधल्या बोळांतून बराच माल आरामांत जातो. डब्यावर औषधाचा परवाना-क्रमांक आहे कीं अन्नाचा, एवढें पाहिलें तरी आपण काय विकत घेतों तें कळतें.

पैशाच्या बाजूनें पाहिलें तरी खाट पुन्हां समोर येते. महाराष्ट्रांत २०१२ मध्यें सुरू झालेली व पुढें महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चाललेली जनआरोग्य योजना मुख्यतः इस्पितळांत दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठीं आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेस ती संजीवनी ठरते, पण महिन्याकाठीं तपासणीसाठीं परभणीस येणाऱ्याच्या एस.टी. भाड्याला आणि चिठ्ठीवरच्या गोळ्यांना तिचा हात पोंचत नाहीं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टांत जुनाट मज्जाविकारांचा उल्लेख आहे; उदाहरणादाखल मल्टिपल स्क्लेरोसिस व पार्किन्सन यांचीं नांवें आहेत, या विकाराचें नाहीं. उदाहरणें म्हणजे संपूर्ण यादी नव्हे, असा युक्तिवाद करतां येईल. पण प्रमाणपत्राच्या खिडकीवर युक्तिवाद चालत नाहीं, यादी चालते.

मग आजच्या घडीला हातीं काय उरतें? पुष्कळ नाहीं, पण जें आहे तें वापरलें जात नाहीं. दाखल व्हावें लागलेंच, तर बाहेर पडतांना संपूर्ण कागदांची प्रत मागावी. ती बहात्तर तासांत मिळाली पाहिजे. दुसऱ्या डॉक्टरचें मत घेण्याचा व आपले कागद पाहण्याचा हक्क भिंतीवरच्या त्या सनदेंतच लिहिलेला आहे. तक्रारीसाठीं स्थानिक अधिकाऱ्याकडे निवारण कक्ष असावा असें २०२१ चेच नियम सांगतात. २०१९ च्या ग्राहक कायद्यानें रोग्यास तो जेथें राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जातां येतें, मग उपचार पुण्यास घेतलेला कां असेना. दिलेली रक्कम पांच लाखांच्या आंत असेल तर तक्रारीस शुल्क नाहीं. आणि दूरदृश्य पद्धतीनें सुनावणी मागतां येते, ही सोय तर ज्याला दोन जिने चढवत नाहींत त्याच्यासाठींच केल्यासारखी आहे. मुदत मात्र दोन वर्षांची. हळूहळू वाढणाऱ्या दुखण्यांत दोन वर्षें कधीं उलटलीं हें कळतहि नाहीं, म्हणून चिठ्ठ्यांवर तारखा असणें महत्त्वाचें. २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांमुळें दूरध्वनीवरून वा पडद्यावरून सल्ला घेणेंहि रीतसर झालें आहे, आणि त्या सल्ल्याचीहि डॉक्टरनें नोंद ठेवावी लागते. अंथरुणावरून न उठणाऱ्या रोग्यासाठीं हा मार्ग परभणीच्या बांकापेक्षां बरा.

सामूहिक देखरेखीचाहि एक प्रयोग महाराष्ट्रांत झालेला आहे. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखालीं पांच जिल्ह्यांत गांवकऱ्यांनींच सरकारी आरोग्यकेंद्रांची पाहणी करावी व जनसुनवाईंत अधिकाऱ्यांना प्रश्न विचारावे, अशी पद्धति सुरू झाली. त्या पांचांत मराठवाड्यांतील उस्मानाबाद, म्हणजे आजचें धाराशिव, होतें. तेथें विचारले जाणारे प्रश्न साधे असत: औषध मिळालें का, डॉक्टर होते का, पैसे मागितले का. "तुमचें म्हणणें ऐकून कागदावर लिहून घेतलें का," हा प्रश्न त्यांत घालावयास कांहीं अडचण नाहीं. परभणीस २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालें आहे. बाह्यरुग्ण विभागांत सहा महिन्यांहून जुन्या थकव्याचे रोगी वेगळे नोंदविण्याची एक वही तेथें ठेवली, तर जिल्ह्यांत असे रोगी किती, त्यांतील किती पंडुरोगाचे निघाले, किती क्षयाचे, आणि सर्व वगळून किती उरले, हा हिशेब पहिल्यांदां मांडतां येईल. या वहीस नवा कायदा लागत नाहीं.

जिंतूरच्या बाईंचा रजेचा प्रश्न राहिला. सरकारी नोकरांच्या लांब आजारपणाच्या रजेची शंका आली कीं प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जातें, आणि मंडळ रोग्यास समोर बोलावतें. मंडळापुढें उभें राहण्याचा दिवस हा तिचा चांगला दिवसच असणार. वाईट दिवशीं ती जिंतूरच्या बसस्थानकापर्यंतहि पोंचूं शकत नाहीं. मंडळ पाहतें ती हिंडतीफिरती, नीट उत्तरें देणारी बाई. घरीं परतल्यावर पुढचे तीन दिवस ती अंधाऱ्या खोलींत पडून असते, आणि ते तीन दिवस कोणत्याहि कागदावर येत नाहींत. तेव्हां तपासणीनंतरच्या आठवड्याची दिनचर्या, रोजच्या रोज, घरांतील दुसऱ्या कोणाच्या तरी हातानें लिहून घ्यावी: किती वेळ उठली, काय करतां आलें, काय राहिलें. आपल्या डॉक्टरांची तारीखवार सही तिच्यावर घेऊन ती मूळ अर्जास जोडावी, आणि मंडळानें निर्णय देण्यापूर्वीं ती पाहावी असें अर्जांतच लिहावें.